काळ जातो तो कोठून कोठे?

जायकवाडीचे दरवाजे उघडले की पैठणपासून नांदेडपर्यंतच्या गोदाकाठावर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, विसर्ग किती? उत्तर क्युसेकमध्ये येते, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी धरणातून बाहेर पडते आहे ते कळते, आणि त्या एका आकड्यावरून काठावरचा शेतकरी नदीतली मोटार बाहेर काढायची की नाही हे ठरवतो. काळ वाहतो असे म्हणणाऱ्याला हाच प्रश्न विचारून पाहावा. पाण्याचा वेग सेकंदाच्या हिशेबाने सांगता येतो, पण सेकंदाचा वेग कशाच्या हिशेबाने सांगायचा? सेकंदाला एक सेकंद हे उत्तर ऐकायला बिनचूक वाटते, मात्र त्यातून काहीच सांगितले जात नाही, कारण ते दुसरे काही असूच शकत नाही. ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९४९ साली ही अडचण नेमकेपणाने मांडली. नदीच्या वाहण्याला काठ लागतो, काळ वाहायचा तर त्यालाही काठ हवा, आणि तो काठ म्हणून दुसरा काळ आणला की त्याच्याही वाहण्याचा वेग विचारावा लागतो.

तत्त्वज्ञान शिकवताना हा प्रश्न वर्गात निघाला की बहुतेक विद्यार्थी तो शब्दांचा खेळ समजून सोडून देतात. मला तो तसा कधीच वाटला नाही. काळ खरोखर जातो की नाही, यावर आपण झालेल्या गोष्टींकडे कसे पाहायचे, गेलेल्या माणसांविषयी काय मानायचे आणि भीती किंवा सुटका या भावनांना काही आधार आहे का, हे सारे अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न शांतपणे, जमेल तितक्या काटेकोरपणे लावून धरावा, असे मला मनापासून वाटते.

आधुनिक काळातील या वादाची सुरुवात केंब्रिजचे तत्त्वज्ञ मॅक्टॅगर्ट यांच्या १९०८ सालच्या एका निबंधापासून होते. घटना दोन तऱ्हांनी लावता येतात, असे त्यांनी दाखवले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. यांपैकी पहिली घटना दुसरीच्या आधीची आहे, हे विधान आज खरे आहे, १९३० सालीही खरे होते आणि पुढेही कधी बदलणार नाही. हा झाला आधी-नंतरचा क्रम. परंतु हीच मुक्तीची घटना आमच्या आजोबांच्या पिढीसाठी आधी भविष्यात होती, मग वर्तमानात आली आणि आता भूतकाळात दूर सरकत चालली आहे. काळ जातो म्हणजे घटनांचे हे भविष्याकडून भूताकडे सरकणे, आणि हे सरकणे नसेल तर काळ उरणारच नाही, असे मॅक्टॅगर्ट म्हणतात. त्यांचा पुढचा घाव मात्र याच सरकण्यावर आहे. एकाच घटनेला भविष्य, वर्तमान आणि भूत हे तिन्ही धर्म लावावे लागतात आणि ते एकमेकांशी विसंगत आहेत. आपण चटकन म्हणतो की ते एकदम नाही, एकामागून एक लागतात. पण एकामागून एक म्हणजे काय, हे सांगताना आपण पुन्हा भूत-वर्तमान-भविष्याचाच आधार घेतो आणि तेथे तीच विसंगती उभी राहते. यावरून त्यांनी काळच मिथ्या ठरवला. तो निष्कर्ष मला पुराव्यापेक्षा फार मोठा वाटतो, पण वर्तमानपणा हा घटनेला आळीपाळीने चिकटणारा एखादा धर्म आहे ही समजूत त्यांनी मोडून काढली, हे मान्य करणे भाग आहे.

हा घाव नवा नव्हता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतल्या वस्तू असतातच, असे मानणारा सर्वास्तिवाद नावाचा बौद्ध संप्रदाय होता. सगळेच जर आहे, तर त्यातले वर्तमान कोणते, या प्रश्नाला त्यांच्यातील वसुमित्राचे उत्तर असे होते की जी वस्तू आपले कार्य करीत असते ती वर्तमान. पुढे वसुबंधू या बौद्ध आचार्याने यावर विचारले की वस्तू जर सदैव आहे तर तिला आपले कार्य सदैव करण्यात अडवतो कोण, आणि ते कार्य स्वतः भूत, वर्तमान, भविष्य कसे होते? त्या कार्यासाठी दुसरे कार्य मानले की मागे मागे जाण्याला अंत राहत नाही. मॅक्टॅगर्टच्या दीड हजार वर्षे आधी हा आक्षेप लिहून झाला होता.

भौतिकशास्त्राने या वादात जी भर घातली ती मात्र खरोखरच नवी होती. घड्याळातले बारा ही सोयीची गोष्ट आहे, हे आपल्याला ठाऊक असते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बांधलेली असल्याने मराठवाड्यात सूर्य माथ्यावर येतो तो साधारणपणे घड्याळात बारा वाजून गेल्यावर, आणि नांदेडच्या माथ्यावर येऊन गेल्यानंतर छत्रपती संभाजीनगरच्या माथ्यावर यायला त्याला आणखी सुमारे आठ मिनिटे लागतात. यात कोड्यासारखे काही नाही, कारण घड्याळे कशीही लावली तरी ‘आत्ता’ सगळीकडे एकच आहे, असे आपण धरून चालतो. आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सापेक्षता सिद्धान्ताने नेमके हे गृहीत काढून घेतले. दूर अंतरावरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, याचे उत्तर पाहणारा कोणत्या गतीत आहे त्यावर ठरते. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. समजा ती क्षितिजाजवळ असताना एक जण शेताच्या बांधावर बसलेला आहे आणि दुसरा त्याच्याजवळून तिच्या दिशेने ताशी ५ किलोमीटरने चालत निघाला आहे. ते एकमेकांना ओलांडतात त्या क्षणी देवयानीत ‘आत्ता’ काय चालले आहे, याविषयीची त्या दोघांची उत्तरे सुमारे चार दिवसांनी वेगळी येतात, आणि दोघांपैकी एकाचे बरोबर व दुसऱ्याचे चूक म्हणायला निसर्गात कोणताही आधार सापडत नाही.

१९०८ सालीच गणितज्ञ मिन्कोव्स्की यांनी अवकाश आणि काळ मिळून एकच चतुर्मित रचना मांडली, आणि तिच्यावरून पुढे अनेकांनी असे ठरवले की विश्व हा एक अखंड ठोकळा आहे. त्यात भूत, वर्तमान, भविष्य सगळे सारखेच मांडलेले आहे आणि जाणे-येणे हा केवळ आपल्या मनाचा भास आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६७ साली हा युक्तिवाद फार ठामपणे केला. पुढच्याच वर्षी तत्त्वज्ञ हॉवर्ड स्टाइन यांनी त्याला उत्तर दिले, आणि माझ्या मते ते उत्तर पटनमच्या युक्तिवादापेक्षा अधिक विचारपूर्वक आहे. साऱ्या विश्वाला मिळून एक ‘आत्ता’ नाही, एवढेच सापेक्षतेने सिद्ध होते. एखाद्या ठिकाणी, एखाद्या घटनेपर्यंत काय काय घडून चुकले आहे, हे सापेक्षतेच्या चौकटीतही नीट सांगता येते, कारण प्रकाशाच्या वेगाने किंवा त्याहून कमी वेगाने ज्याचा परिणाम तेथे पोचू शकतो ते सगळे त्या घटनेच्या आधीचे असते आणि त्याबद्दल कोणाचेही दुमत होत नाही. विश्वव्यापी वर्तमान गेला, तरी जागोजागचे घडणे गेलेले नाही.

ठोकळ्याचे चित्र इतके पटते कसे, हे मला अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या लेण्यात समजले. पाचव्या शतकात हाती घेतलेला हा प्रचंड विहार अर्धवट राहिला. पर्यटक तेथे थांबत नाहीत, कारण तेथे चित्रे नाहीत. पण लेणे कसे कोरले जात असे हे पाहायचे असेल तर त्याच्याइतकी बोलकी जागा नाही. खडकात आधी लांब लांब बोळ खणत न्यायचे, मग दोन बोळांमधल्या भिंती फोडायच्या आणि जेथे खांब हवेत तेवढाच दगड सोडायचा, ही सारी रीत त्या अपुरेपणामुळे उघडी पडली आहे. एका बाजूला हातही न लागलेला खडक आहे, पलीकडे टिकावाच्या घावांनी भरलेला खडबडीत भाग आहे, आणि आणखी पुढे घडवून सफाईला आलेले काम आहे. जे एका खांबाच्या बाबतीत एकामागून एक झाले असते, ते येथे शेजारी शेजारी उभे आहे. नुसती मान वळवून आधी आणि नंतर दोन्ही पाहता येतात.

ठोकळ्याचे चित्र आपल्याला असेच काही पाहायला सांगते, आणि फसगत तेथेच होते. लेण्यातले हे टप्पे एकत्र आहेत, ते एकाच वेळी आपल्यासमोर आहेत. एकाच खांबाचे टप्पे मात्र कधीही एकाच वेळी नव्हते. सगळा काळ एकदम मांडून ठेवलेला आहे असे जो म्हणतो, तो त्या ‘एकदम’मध्ये न कळत काळच घालतो, आणि काळातल्या अंतराला जागेतले अंतर करून टाकतो. सावध ठोकळावादी असे म्हणत नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. तो एवढेच म्हणतो की प्रत्येक घटना आपापल्या वेळी आहे. पण एवढेच म्हणायचे असेल तर त्याच्यात आणि माझ्यात भांडण फारसे उरत नाही, कारण घटनेचे आपल्या वेळी असणे म्हणजेच तिचे घडणे. आणि एक घडून दुसरी घडणे याहून वेगळे, त्याच्या पाठीमागे चाललेले काळाचे वाहणे मलाही कोठे दिसत नाही.

या मतापर्यंत मला न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काला वाहिलेल्या आपल्या जुन्या दर्शनाने आणले. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वर्तमानकाळच नाही असे म्हणणारा एक पूर्वपक्षी, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेल्या मताचा वक्ता, येतो. देठापासून सुटलेले फळ खाली पडते आहे. देठापासून फळापर्यंतचा मार्ग पडून झालेला आहे, फळापासून जमिनीपर्यंतचा मार्ग पडायचा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्गच नाही, तर वर्तमान कोठे बसवायचा? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने चालणाऱ्याच्या बाबतीत याच जातीचा पेच घातला आहे. पूर्वपक्ष्याच्या या प्रश्नावर न्यायसूत्रांवरचे वात्स्यायनाचे भाष्य जे म्हणते ते मला या सबंध विषयातले सर्वांत नेमके वाक्य वाटते. काळ मार्गावरून व्यक्त होत नाही, तो क्रियेवरून व्यक्त होतो. पडणे चालू आहे तोवर वर्तमान, पडणे थांबले की भूत, पडणे सुरू व्हायचे आहे तोवर भविष्य. पूर्वपक्षी काळाला जागेसारखा लांबीवर मोजायला गेला, म्हणून त्याच्या सुरीने वर्तमानाचे शून्य झाले.

भाष्यकार दुसरे उदाहरण स्वयंपाकाचे देतो. चुलीवर भांडे ठेवणे, पाणी ओतणे, तांदूळ वैरणे, लाकूड पुढे सारणे, जाळ करणे, पळीने ढवळणे, पेज काढणे, भांडे खाली उतरवणे, ही सारी मिळून शिजवण्याची एक क्रिया होते. ती चालू असताना कोणी विचारले तर ‘भात शिजतो आहे’ हेच खरे उत्तर असते, जरी त्यातले पाणी ओतणे होऊन गेले असले आणि पेज काढणे व्हायचे असले तरी. आमच्याकडे भाताऐवजी ज्वारीच्या कण्या रटरटत असत, एवढाच काय तो फरक. म्हणजे वर्तमान हा केसासारखा बारीक क्षण नव्हे. तो चालू असलेल्या क्रियेइतका रुंद असतो, आणि एकाच घरात एक क्रिया संपलेली व दुसरी चालू असू शकते, म्हणून तेथे एकाहून अधिक रुंदीचे वर्तमान सुखाने नांदतात. स्टाइन यांनी गणिताने दाखवलेले जागोजागचे घडणे आणि वात्स्यायनाचे क्रियेवरून व्यक्त होणारे वर्तमान, हे दोन्ही मला एकमेकांच्या अगदी जवळचे वाटतात, कारण क्रिया नेहमी कोठे तरी असते, सगळ्या विश्वभर नसते.

काळाची दिशा हा याहून वेगळा प्रश्न आहे आणि दोन्हींची गल्लत वारंवार होते. फोडलेला खडक पुन्हा सांधत नाही, सांडलेले पाणी भांड्यात परत येत नाही, आणि भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांच्या संशोधनापासून आपल्याला त्याचे कारणही माहीत आहे. विस्कटलेल्या अवस्था नीटस अवस्थांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. त्यावरून आधी कोणते आणि नंतर कोणते हे ओळखता येते. ते नंतरचे घडते म्हणजे काय, हे त्यावरून कळत नाही.

आता या प्रश्नाच्या ज्या बाजूमुळे तो मला इतका जवळचा वाटतो, त्या बाजूकडे येते. १९५५ च्या मार्चमध्ये आइन्स्टाइनचे जिवलग मित्र मिशेल बेसो वारले. त्यांच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनपत्रात आइन्स्टाइनने म्हटले की आमच्यासारख्या भौतिकशास्त्रावर श्रद्धा असलेल्यांना भूत, वर्तमान, भविष्य यांतला भेद हा एक चिवट भ्रम वाटतो. पुढच्या महिन्यात ते स्वतःही गेले. या पत्राने अनेकांना धीर दिला आहे, आणि तो धीर कशातून येतो हे मी समजू शकते. गेलेला माणूस त्याच्या दिवसांमध्ये आहेच, ते दिवस कोणी पुसू शकत नाही.

पण माझ्या मावशीचे सासर किल्लारीच्या पट्ट्यातले. २९ सप्टेंबर १९९३ ची रात्र अनंत चतुर्दशीची होती, गणपती बोळवून गावे उशिरा झोपली होती, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळली. ठोकळ्याचे विश्व जर विसर्जनाची ती रात्र, ते गुलालाने माखलेले चेहरे कायमचे जपून ठेवत असेल, तर ते ३ वाजून ५६ मिनिटेही तसेच जपून ठेवते. ठोकळा निवड करीत नाही. सांत्वन हवे असणाऱ्याने त्याच्याकडून फक्त आवडते दिवस मागून घेणे, हे मला न्याय्य वाटत नाही.

उलट बाजूने तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५९ साली विचारलेला प्रश्न उभा राहतो. वेदना संपली की आपण ‘सुटलो’ म्हणतो. वेदनेचा शेवट अमुक तारखेला आहे, ही गोष्ट तर आधीही खरी होती, मग तेव्हा सुटल्यासारखे का वाटले नाही? आपल्याला आनंद होतो तो ती आता होऊन गेली याचा, म्हणून होऊन जाणे हे काहीतरी खरेच असले पाहिजे, असे प्रायर यांचे म्हणणे. मला यातला आग्रह पटतो. मात्र त्यासाठी वाहणारा काळ लागत नाही. सुटकेची भावना ही वेदनेच्या नंतर घडणारी क्रिया आहे, जशी धास्ती ही तिच्या आधी घडणारी. जी ज्या जागी घडायला हवी ती त्या जागी घडली की ती योग्य ठरते.

मावशी पुनर्वसित गावातल्या सिमेंटच्या घरात राहते आणि आजही रात्री आतून कडी लावत नाही. दार नुसते लोटलेले असते आणि उंबऱ्यापाशी चपला बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवलेल्या असतात. मी एकदा तिला म्हटले की आता तीस वर्षे होऊन गेली. ती म्हणाली, “पोरी, ती पहाट सरलीच नाही बघ.” ऐकणारा याला दुःखाची अतिशयोक्ती म्हणेल. वात्स्यायनाच्या कसोटीने पाहिले तर ते अक्षरशः खरे आहे. जमिनीचे हादरणे काही सेकंदांत थांबले, ती क्रिया संपली, म्हणून भूकंप भूतकाळात गेला. पण त्या पहाटे तिच्या अंगात सुरू झालेले सावध राहणे कधीच थांबले नाही, आणि जी क्रिया थांबली नाही तिचे वर्तमान सरलेले नसते. घड्याळाची तीस वर्षे तिच्यावरून गेली असे म्हणून आपण तिला काहीच समजावत नाही, कारण जाणारे असे काही नव्हतेच. ज्या क्रिया संपल्या त्या संपल्या, जी चालू आहे ती चालू आहे.

घडण्यापलीकडे काळ नाही, या माझ्या मताला सर्वांत अवघड आक्षेप तत्त्वज्ञ सिडनी शूमेकर यांनी १९६९ साली एका कल्पित विश्वाच्या रूपाने दिला. त्या विश्वाचे तीन भाग आहेत. पहिला दर तीन वर्षांनी, दुसरा दर चार वर्षांनी आणि तिसरा दर पाच वर्षांनी एक वर्षभर संपूर्ण गोठतो, आणि उरलेल्या भागांतल्या लोकांना ते दिसते. या हिशेबाने दर साठ वर्षांनी एकदा तिन्ही भाग एकदम गोठणार, म्हणजे वर्षभर कोठेही काहीही घडणार नाही, आणि तरीही तेथील लोकांना ते वर्ष गेले असे मानायला सबळ कारण असेल. न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांच्या अनुयायांना यात अडचण नाही, कारण त्यांच्या लेखी काळ हे क्रियेहून वेगळे, नित्य आणि एकच असे द्रव्य आहे. क्रिया ते फक्त व्यक्त करते. मी त्यांच्यापुढे एक पाऊल टाकून घडण्यापलीकडे काळ नाही म्हणते, तेव्हा ते वर्ष मला सोडून द्यावे लागते. गोठण्यापूर्वीची शेवटची हालचाल आणि नंतरची पहिली हालचाल यांच्यामध्ये काहीच नव्हते, असे मला म्हणावे लागते, आणि तेथील लोकांचा सुटसुटीत नियम साठाव्या वर्षापुरता अपवाद घालून थोडा वाकडा करावा लागतो. ज्या वर्षात कोणी श्वास घेतला नाही, कशाचे पान हलले नाही आणि जे कोणाच्याही अनुभवात कधी येऊ शकत नाही, ते केवळ नियम सरळ राहावा म्हणून खरे मानण्यापेक्षा नियमातला तो वाकडेपणा मी पत्करते.